एक खरेदी, दोनदा पैसे

गेल्या पावसाळ्याच्या आरंभी घडलेला एक प्रसंग सांगतो. पदवीच्या शेवटच्या वर्षात शिकणारा आमचा एक विद्यार्थी तास संपल्यावर वर्गात थांबला. बाळापूर तालुक्यातील एका खेड्याहून येऊन तो अकोल्यात खोली घेऊन राहतो. स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी त्याने एका ऑनलाईन दुकानातून पुस्तकांचा संच मागविला होता. किंमत १,१८० रुपये, आणि कार्ड वडिलांच्या बचत खात्याचे. फोनवर वडिलांना विचारून ओटीपी भरला. पडद्यावरचे चक्र बराच वेळ फिरत राहिले आणि शेवटी 'व्यवहार अयशस्वी' अशी अक्षरे उमटली. त्याने पुन्हा प्रयत्न केला. या खेपेस ऑर्डर नोंदली गेली आणि चौथ्या दिवशी पुस्तकेही हाती आली. परंतु वडिलांच्या मोबाईलवर रक्कम वजा झाल्याचे संदेश आले होते दोन. खात्यात २,६०० रुपये होते. त्यांतून २,३६० गेले आणि उरले २४०. खानावळीचे पैसे त्याच खात्यातून द्यावयाचे होते. वडिलांनी विचारलेला प्रश्न त्याने मला जसाच्या तसा ऐकविला : "पुस्तकं येकडावच आनली, तं पैसे दोनदा काहून कापले?"

हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हे. अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसालाही त्याचे सरळ उत्तर देण्यापूर्वी थोडा विचार करावा लागतो. बँकेच्या शाखेत त्या मुलाला उत्तर मिळाले ते एवढेच : "सिस्टीमचे आहे, येतील परत." पैसे परत आले हे खरे; पण ते एकोणिसाव्या दिवशी. मधल्या काळात त्याने खोलीतल्या सोबत्याकडून पाचशे रुपये उसने घेतले आणि खानावळीच्या मालकासमोर मान खाली घालून आठवडाभराची सवलत मागितली.

ज्यांच्या खात्यात चार महिन्यांचा खर्च शिल्लक असतो, त्यांच्या दृष्टीने ही किरकोळ गैरसोय होय. ज्यांच्या खात्यात चार दिवसांचा खर्च असतो, त्यांच्या दृष्टीने ती आपत्ती असते. शास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर, दोनदा वजा झालेली रक्कम म्हणजे ग्राहकाने न मागता, न ठरविता, बिनव्याजी दिलेले कर्ज. हे कर्ज कोणाकडे पडून आहे, हेही त्या धनकोला ठाऊक नसते. कधी ते त्याच्याच बँकेच्या एखाद्या मधल्या खात्यात असते, कधी दुकानदाराच्या बँकेत, तर कधी या दोघांच्या मध्ये उभ्या असलेल्या देयक-मध्यस्थ संस्थेकडे. असे लहानलहान धनको असंख्य असतात, आणि त्यांतील बहुतेकांना आपण धनको आहोत याची जाणीव नसते. ते स्वतःला याचक समजून शाखेच्या काउंटरपुढे उभे राहतात. या लेखाचे प्रयोजन एवढेच की, ही रक्कम परत मिळणे ही कृपा नसून हक्क आहे, आणि त्या हक्काला आज एक मोठे भगदाडही आहे, हे दोन्ही वाचकांच्या ध्यानात यावे.

चूक होते कोठे?

ऑनलाईन दुकानात आपण कार्डाचा क्रमांक भरतो तेव्हा पैसे आपल्या खिशातून थेट दुकानदाराच्या गल्ल्यात जात नाहीत. दुकानाच्या पानावरून निरोप देयक-मध्यस्थाकडे जातो, तेथून दुकानदाराच्या बँकेकडे, तेथून रुपे, व्हिसा किंवा मास्टरकार्ड यांसारख्या कार्डजाळ्यामार्फत आपल्या बँकेकडे. आपली बँक ओटीपी पडताळते, खात्यातून रक्कम वजा करते, आणि 'पैसे दिले' हा निरोप त्याच वाटेने उलटा धाडते. जाताना चार टप्पे, येताना चार टप्पे. येतानाच्या एखाद्या टप्प्यावर निरोप अडकला, तर आपल्या बँकेच्या दृष्टीने पैसे दिले गेलेले असतात आणि दुकानदाराच्या दृष्टीने ते आलेलेच नसतात. ग्राहक मात्र पडद्यावर 'अयशस्वी' हा शब्द वाचतो आणि साहजिकच पुन्हा कळ दाबतो.

येथे बँकेचा कर्मचारी पुष्कळदा एक युक्तिवाद करतो. "दोन्ही वेळा ओटीपी तुम्हीच भरलात ना? मग दोन्ही व्यवहार तुमच्या संमतीनेच झाले." ऑनलाईन कार्ड-व्यवहारांना ही दुसरी पडताळणी रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून सक्तीची केली. चोराला आळा घालण्याचे ते साधन होय. त्याच साधनाचा उपयोग प्रामाणिक ग्राहकाला गप्प करण्यासाठी व्हावा, हे विपरीत आहे. पहिला प्रयत्न फसला असे यंत्रणेनेच सांगितल्यावर ग्राहकाने दुसरा प्रयत्न केला. याचा अर्थ त्याने एकदाच पैसे देण्याला दोनदा होकार दिला, एवढाच होतो. दोनदा पैसे देण्याला त्याने होकार दिलेला नाही.

कायदाही याहून निराळे सांगत नाही. भारतीय करार अधिनियम १८७२ चा आहे. त्याच्या ७२ व्या कलमानुसार, चुकीने पैसे मिळालेल्या माणसाने ते परत केले पाहिजेत. त्या कलमाखाली दिलेले उदाहरण तर आपल्याच प्रश्नाचे आहे : दोघांचे मिळून एकाला शंभर रुपये देणे आहे, पहिल्याने ते फेडले, दुसऱ्याला हे ठाऊक नसल्याने त्यानेही शंभर रुपये दिले, तर घेणाऱ्याने ही दुसरी रक्कम परत केलीच पाहिजे. जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी, तार हीच नवलाई होती त्या काळी, दुबार देण्याचा प्रश्न कायद्याने सोडवून ठेवलेला आहे.

हुंडीची शिकवण

कायद्याच्याही आधी तो व्यापाराने सोडविला होता. वऱ्हाडच्या कापसाच्या पेठांतून एके काळी हुंडीचा व्यवहार चालत असे. हुंडी वाटेत गहाळ झाली तर काय करावयाचे? सावकार दुसरी प्रत देत असे. तिला 'पैठ' म्हणत. तीही हरवली तर तिसरी, 'परपैठ'. या प्रतींत पहिल्या हुंडीचा उल्लेख असे, आणि तिघींपैकी कोणत्याही एकीचे पैसे चुकते झाले की बाकीच्या निरर्थक ठरत. पैसे दिलेली हुंडी रद्द करून ठेवीत. तिला 'खोका' म्हणत. निरोप हरवू शकतो हे त्या व्यापाऱ्यांनी गृहीतच धरले होते. म्हणून निरोप दोनदा गेला तरी पैसे एकदाच जावेत, अशी तजवीज त्यांनी कागदावरच केली होती.

आजच्या संगणकांना ही तजवीज अशक्य आहे असे मुळीच नाही. प्रत्येक ऑर्डरला एकच क्रमांक द्यावा आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर यंत्राने त्याला नवा व्यवहार न समजता जुन्याचीच पैठ समजावे, एवढेच करावयाचे असते. चांगल्या दुकानांची यंत्रणा हे करतेही. जेथे हे केले जात नाही, तेथे दुसरा प्रयत्न नव्या क्रमांकाने जातो आणि यंत्राच्या लेखी तो निराळा सौदा ठरतो. म्हणजे दुबार वजावट हा काही दैवी कोप नव्हे. ती टाळता येण्याजोगी हयगय आहे, आणि टाळता येण्याजोग्या हयगयीचा खर्च ज्याने हयगय केली त्याच्यावर पडावा, हा अर्थशास्त्राचा आणि न्यायाचाही साधा नियम आहे.

नियम आहे, पण कोणासाठी?

हा नियम रिझर्व्ह बँकेने अंशतः मान्य केलेला आहे. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने फसलेल्या व्यवहारांसाठी मुदती ठरविण्यात आल्या. ऑनलाईन कार्ड-व्यवहारात खात्यातून रक्कम वजा झाली, पण दुकानदाराच्या यंत्रणेपर्यंत खात्री पोहोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ती रक्कम आपोआप परत आली पाहिजे. तसे न झाल्यास पुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. यूपीआयने दुकानदाराला दिलेल्या पैशांनाही हीच मुदत आणि हीच भरपाई ठरविण्यात आली. शिवाय त्या परिपत्रकात स्पष्ट म्हटले आहे की, भरपाई ग्राहकाच्या तक्रारीची वाट न पाहता बँकेने आपण होऊन खात्यात जमा करावी.

आता आमच्या विद्यार्थ्याचा हिशेब मांडा. रक्कम परत आली एकोणिसाव्या दिवशी. त्यांतून पाच दिवस वजा केले की उरले चौदा. चौदा दिवसांची भरपाई १,४०० रुपये, म्हणजे पुस्तकांच्या किमतीहून अधिक. ही भरपाई आपण होऊन जमा झाली का? नाही. आम्ही दोघांनी बसून एक साधा अर्ज लिहिला. व्यवहाराची तारीख, दोन्ही संदर्भ क्रमांक, रक्कम परत आल्याची तारीख आणि परिपत्रकाचा दिनांक, एवढेच त्यात होते. अर्जाची पोच घेतली. दुसऱ्या आठवड्यात १,४०० रुपये खात्यात आले. विद्यार्थी आनंदला, मी मात्र अस्वस्थ झालो. त्याला जे मिळाले ते हक्काने नव्हे, अर्जाने मिळाले. ज्यांना अर्ज लिहिता येत नाही, ज्यांना परिपत्रक ठाऊक नाही, त्यांच्या शंभर-शंभर रुपयांचे काय होत असेल?

आणि भगदाड आहे ते याच्याही पुढे. त्याचा अनुभव प्रस्तुत लेखकाला स्वतःला आला. घरासाठी एक कुकर मागविताना पान मध्येच थिजले. मी पुन्हा कळ दाबली, दुसरा ओटीपी भरला. कुकर आला एक, पैसे गेले दोन कुकरांचे. बँक म्हणाली, "दोन्ही रकमा दुकानदाराला पोहोचल्या आहेत, त्यांना विचारा." दुकानदार म्हणाला, "आमच्याकडे एकच ऑर्डर दिसते, बँकेला विचारा." ही टोलवाटोलवी सत्तावीस दिवस चालली. बँकेकडून दुसऱ्या रकमेचा संदर्भ क्रमांक लेखी मिळवून तो विक्रेत्याच्या तक्रार अधिकाऱ्याकडे पाठविला, तेव्हा कोठे पैसे परत आले. भरपाई मात्र एक पैसाही मिळाली नाही. कारण २०१९ च्या व्याख्येप्रमाणे माझा व्यवहार 'फसलेला' नव्हता. तो दोनदा 'यशस्वी' झाला होता! एकदा फसलेल्या व्यवहाराला दिवसाला शंभर रुपयांचे संरक्षण, आणि दोनदा यशस्वी झालेल्याला काहीच नाही, ही विसंगती कोणत्याही तर्कात बसत नाही. ग्राहकाचे नुकसान दोन्हीकडे सारखेच असते.

ग्राहकाने काय करावे?

धोरण बदलेल तेव्हा बदलेल. तोवर सर्वसामान्य नोकरदाराने आणि विद्यार्थ्याने काही पथ्ये पाळावीत. पडदा थिजला तर लगेच दुसऱ्यांदा कळ दाबू नये. आधी बँकेचा संदेश आणि दुकानातील 'माझ्या ऑर्डर' हे पान पाहावे. रक्कम वजा झाली असेल तर थोडा काळ थांबावे. काही वेळा, विशेषतः क्रेडिट कार्डावर, दुसरी नोंद ही प्रत्यक्ष वजावट नसून केवळ राखून ठेवलेली रक्कम असते. ती आपोआप सुटते. म्हणून खात्याच्या अथवा कार्डाच्या विवरणात ती पक्की झाली आहे का, हे पाहावे.

पक्की झाली असेल तर तोंडी विचारपूस पुरेशी नाही. दुकानदाराला आणि बँकेला एकाच दिवशी लेखी कळवावे. दोन्ही वजावटींचे संदेश, ऑर्डरचा क्रमांक आणि पावती जोडावी. तक्रारीचा क्रमांक घ्यावा. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार ऑनलाईन विक्रीच्या व्यासपीठाने तक्रार अधिकारी नेमला पाहिजे, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच दिली पाहिजे आणि महिन्याच्या आत निवारण केले पाहिजे. बँकेला लिहिताना 'चार्जबॅक' हा शब्द वापरावा. कार्डजाळ्याच्या नियमांप्रमाणे ग्राहकाच्या बँकेने दुकानदाराच्या बँकेकडून वादग्रस्त रक्कम मागवून घेणे, असा त्याचा अर्थ. दुबार वजावट हे त्याचे मान्य कारण आहे, परंतु त्याला मुदत असते; म्हणून दिरंगाई करू नये. दुसरी वजावट आपण केलेलीच नसेल, तर मात्र तो दुबारीचा प्रश्न राहत नाही; ती फसवणूक होय. तेथे तासांचा हिशेब असतो. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने तीन कामकाजी दिवसांच्या आत कळविणाऱ्याला मोठे संरक्षण दिले, ते याच कारणाने.

बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही, किंवा दिलेले उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. नोव्हेंबर २०२१ मध्ये निरनिराळ्या लोकपाल योजना एकत्र करण्यात आल्या. या तक्रारीला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. दुकानदाराविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग आहेच. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तेथे शुल्क पडत नाही.

एक इशारा अत्यंत आवश्यक आहे. पैसे परत मिळविण्याच्या घाईत पुष्कळ लोक इंटरनेटवर 'कस्टमर केअर'चा क्रमांक शोधतात आणि भामट्याच्या हाती सापडतात. क्रमांक घ्यावा तो कार्डाच्या पाठीवरचा, नाहीतर बँकेच्या पासबुकातला. पैसे परत येण्यासाठी ओटीपी लागत नाही, पिन लागत नाही, मोबाईलमध्ये कोणतेही नवे ॲप घ्यावे लागत नाही. जो हे मागतो तो परत देणारा नव्हे, नेणारा होय. फसवणूक झालीच तर १९३० वर तत्काळ कळवावे.

काय व्हावयास हवे?

मागण्या तीनच आहेत आणि त्या अवास्तव नाहीत. पहिली : दिवसाला शंभर रुपयांचा दंडक 'दोनदा यशस्वी' झालेल्या व्यवहारांनाही लागू करावा, आणि त्याचा भार ज्याच्या यंत्रणेत चूक झाली त्याच्यावर टाकावा. दुसरी : रक्कम वजा झाल्याचा संदेश जसा क्षणात येतो, तसाच 'व्यवहार फसला, रक्कम अमुक तारखेपर्यंत परत येईल, न आल्यास रोज १०० रुपये मिळतील' हा संदेशही ग्राहकाच्या भाषेत यावा. तिसरी : आपण होऊन किती भरपाई दिली आणि मागितल्यावर किती दिली, हे आकडे प्रत्येक बँकेने दरवर्षी प्रसिद्ध करावेत. या दोन आकड्यांतील अंतर हेच त्या बँकेच्या सचोटीचे माप ठरेल.

यावर कोणी म्हणेल की, अशाने लहान दुकानदारावर बोजा पडेल, आणि काही ग्राहक खोट्या तक्रारीही करतील. दुसरा आक्षेप फारसा टिकत नाही. दोन वजावटी आणि एक ऑर्डर हे दोन्ही बँकांच्या नोंदींत दिसते, तेथे खोटेपणाला जागा नाही. पहिल्या आक्षेपात मात्र तथ्य आहे. गावातल्या लहान विक्रेत्याच्या हाती यंत्रणा नसते. ती देयक-मध्यस्थाची असते. म्हणूनच भार दुकानाच्या आकारावर नव्हे, तर चूक ज्या टप्प्यावर झाली त्यावरून ठरावा.

व्यवहारावर नियम घालणे ही वऱ्हाडला अपरिचित गोष्ट नाही. देशातील पहिली नियंत्रित कापूस बाजारपेठ १८८६ साली कारंज्याला सुरू झाली आणि १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी कायदा झाला. त्यामागे गिरण्यांना चांगला कापूस मिळावा हा स्वार्थ होता, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु वजन, मापे आणि अडत यांवर नजर ठेवल्यावाचून शेतकऱ्याच्या हाती पुरते दाम पडत नाहीत, हे तत्त्व या मातीत तेव्हा रुजले. पुढे १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले आणि १९८६ साली देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला. तराजू बदलला आहे. तो आता काचेच्या पडद्यामागे गेला आहे. तो तपासण्याचा अधिकार मात्र गेलेला नाही.

आमच्या महाविद्यालयात आम्ही आता एक लहानशी वही ठेवली आहे. ज्या विद्यार्थ्याचे पैसे असे अडकतात, त्याने तारीख आणि रक्कम तीत लिहावी. दुपारच्या सुट्टीत आम्ही अर्ज लिहावयास मदत करतो. त्या मुलाच्या वडिलांना भरपाई जमा झाल्याचे कळले तेव्हा त्यांचा प्रथम विश्वासच बसला नाही. हे पैसे चुकून आले असतील आणि परत करावे लागतील, असे त्यांना वाटले. स्वतःच्या हक्काचे पैसे मिळाले तरी ज्याला ते दुसऱ्याचे वाटतात, त्या माणसाला त्याचा हक्क समजावून सांगणे, हे काम शिक्षकांनी, कारकुनांनी आणि विद्यार्थ्यांनीच करावयाचे आहे. त्याला लागते ते एक पांढरा कागद, दोन संदर्भ क्रमांक आणि अर्ध्या तासाचा वेळ.